येलीला तू शेवटपर्यंत उठवलं नाहीस

कुंदा,

तू गेल्याचं मी प्रकाशकांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "फार वाईट झालं. चौथ्या भागाची पानं कुठवर आली होती?" मी स्मशानाच्या फाटकाशी उभी होते. तुझा भाऊ आत लाकडांवरून कुणाशी तरी वाद घालत होता. आणि मला हसू आलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडं वळून पाहिलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, मी रडतेय.

हा प्रश्न तूच विचारला असतास. मी आधी गेले असते तर तू माझ्या घरी येऊन पहिल्यांदा माझं टेबल धुंडाळलं असतंस, संवाद लिहून झालेत का ते बघायला. मग रडली असतीस. कदाचित तेही नाही.

खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. लोक छान बोलले. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं बोलले. एका गृहस्थांनी तुला 'आदिवासींची माय' म्हटलं आणि टाळ्या पडल्या, शोकसभेत. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, हे कातकरीवाडीतल्या सोमीनं ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. त्या संध्याकाळीच ठरवलं की तुझ्याशी नीट बोलायचं. तू प्रेमळ नव्हतीस, कुंदा. तुझ्यासारखी दुष्ट बाई मी पाहिली नाही, आणि तुझ्यावाचून मला कुणाशी बोलावंसंही वाटत नाही. दोन्ही एकदमच लिहावं लागेल.

आपली चित्रकथा, 'तिरईचं रान', तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली. मी ऑफिसातून परस्पर तुझ्याकडं यायचे. तू भाताचं पातेलं बाजूला सरकवून कागद पसरायचीस. गोष्ट माझी होती, निदान सुरुवातीला. एका दूरच्या चंद्रावर कधीच न थांबणाऱ्या पावसाचं रान. त्या रानात झाडांच्या शेंड्यांवर राहणारी तिरई नावाची जमात. आणि रानाखालची माती उपसून न्यायला आभाळातून उतरलेली यंत्रं. मी त्यांना 'संहारक' म्हणत होते. त्यांना लाल डोळे दिले होते. एक सेनापती दिला होता, तो दर पानावर एकदा तरी हसायचा.

तू पहिली पानं वाचलीस आणि सेनापतीवर पेन्सिलीनं काट मारलीस.

"हा कशाला?"

"खलनायक नको?"

"तू खाडी भरताना कधी बघितलीयस?"

मी पुण्याची. मी कुठली बघणार. मग तू सांगितलंस. उरणच्या बाजूला तुमच्या दारासमोरची खाडी भरली, तेव्हा तू शाळेत होतीस. मोठमोठ्या पायपांतून चिखल आणि वाळूचं पाणी येऊन पडायचं, थांबायचंच नाही. तुझे वडील रोज काठावर जाऊन चिखल उपसणाऱ्या त्या ड्रेजरवरच्या माणसाला शिव्या घालायचे. एक दिवस तो माणूस खाली उतरला आणि त्यानं वडिलांना स्वतःच्या डब्यातला चहा दिला.

"चांगला माणूस होता," तू म्हणालीस. "बाबांना बोलला, काका, माझा बाप पण मासेच मारायचा, मला बघवत नाय. बाबांनी चहा घेतला. मग तो वर गेला आणि त्यानं परत चालू केलं."

तू माझ्या यंत्रांचे लाल डोळे खोडत होतीस.

"राग आला की माणूस दमतो, अनघा. मशीन दमत नाय. तिला तुझ्याबद्दल काय वाटतच नाय. त्याचीच भीती वाटते."

त्या दिवशी त्यांचं नाव 'उपसे' पडलं. त्यांना डोळे नव्हते, तोंड नव्हतं, आवाज एकच, घरघरीचा. ते कुणाचा पाठलाग करत नसत. माती उपसत पुढं सरकत, आणि वाटेत झाड आलं तर झाड, माणूस आलं तर माणूस. पहिला भाग निघाला तेव्हा एका आईनं प्रकाशकांना कळवलं की मुलगा अंथरुणात शिरायला तयार नाही, कारण उपसे कुणावरही चिडलेले नाहीत. तू ते वाचून दिवसभर खूश होतीस.

माझ्या वाक्यांचे तू हाल केलेस. "हे चित्रात दिसतंय, मग बोलतेस कशाला? तुझे शब्द चित्रावर माशांसारखे बसतात," असं म्हणून तू संवादाचे फुगे रिकामे करायचीस. मी रागानं घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा मजकूर गाळून परत यायचे. आज मला जे काही लिहिता येतं ते त्या मारामुळं येतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "अजून निम्मं गाळ."

आणि माझी आई गेली तेव्हाचं. सगळे येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तू आलीस, थेट मोरीत गेलीस आणि भांड्यांचा ढीग घासायला बसलीस. मी मागं येऊन उभी राहिले तर मान न वळवता म्हणालीस, "तुझ्या आईला मी आवडायची नाय. मला पण ती नाय आवडायची. तू जाऊन झोप." तू आठवडाभर राहिलीस. त्या घरात तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं होतं. मी त्याला धरून झोपले.

सोमी आपल्याला बाजारात भेटली. कोन गावाच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची एक वाडी होती. तिथून ती चिंबोऱ्या, पुण्यात आम्ही खेकडे म्हणतो त्या, आणि रानभाज्या घेऊन खांदा कॉलनीच्या बाजारात बसायची. तू भाव करता करता गप्प झालीस आणि तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिलीस.

"काय बगते?" ती म्हणाली.

"तुझं तोंड पाहिजे मला. चित्रात."

"आधी चिंबोऱ्या घे. तोंड फुकट नाय."

तू सगळ्या चिंबोऱ्या घेतल्यास, आणि तिरईंच्या पुढं धावणाऱ्या आपल्या नायिकेला, येलीला, सोमीचं तोंड मिळालं. तीच रुंद जिवणी, एका भुवईतली तीच खाच. उपसे कुठून येतायत ते येलीला झाडांच्या मुळांतून ऐकू यायचं. ती पोरंबाळं पाठीवर टाकून या शेंड्यावरून त्या शेंड्यावर उड्या मारायची. वाचणाऱ्यांचा तिच्यावर जीव जडला. सोमीचाही जडला. आपण वाडीवर गेलो तेव्हा तिनं कुडाच्या भिंतीवर पानं चिकटवलेली दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण एकेका चौकटीवर बोट ठेवून ती सांगत होती, "ही मी. हितं मी उडी मारली. हितं ह्या पोराला पकडला, नायतर पडला असता." वाडीतली पोरं तिला येलीच म्हणायला लागली होती. तिचा नवरासुद्धा, चिडवताना.

परत येताना तू रिक्षात म्हणालीस, "ही खूप खूश झाली." त्या म्हणण्यात मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं.

मग वाडीची जागा गोदामासाठी गेली. कुणाची जमीन, कुणी विकली, कुणाच्या सह्या, ते सगळं आपल्याला नंतर तुकड्या तुकड्यांनी कळलं. त्या सकाळी सोमीचा तुला फोन आला, "कुंदाबाय, ये. आमची घरा मोडतात." आपण पोचलो तेव्हा दोन पोकलेन वाडीच्या तोंडाशी उभे होते. एकाचं काम चालू झालं होतं. बाया भांडी आणि गोधड्या बाहेर ओढत होत्या. पोलीस होते, पण ते कुणाला मारत नव्हते. एक हवालदार तर एका म्हातारीची ट्रंक उचलून देत होता.

मी पाडकामावरच्या साहेबांकडं गेले. कागद बघायला मागितले, थांबा म्हटलं, ओळखीच्या वकिलांना फोन लावला, पत्रकारांना लावला. साहेब फार सभ्य होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली.

तू एका दगडावर बसलीस आणि पिशवीतून वही काढलीस.

मला ते दिसलं तेव्हा वाटलं, ही आता उठेल. सोमी झोपडीच्या दारात उभी होती. पोकलेनचा हात शेजारच्या घरावर होता. तिनं तुला हाक मारली. "कुंदाबाय, उठ ना. तुझं ऐकतील ती. सांग त्यांना." तू मान वर केलीस, तिच्याकडं पाहिलंस आणि परत कागदावर पाहिलंस. तिनं अजून एकदा हाक मारली, आता नुसतं नाव घेऊन. तुझा हात चालू होता.

नंतर तिनं हाक मारली नाही. कुडाची भिंत चिकटवलेल्या पानांसकट आत कोसळली. टोपलीखाली झाकलेली कोंबडी तिथंच राहून गेली. सोमी त्या भिंतीकडं बघत नव्हती. ती तुझ्याकडं बघत होती. आणि तू ते बघणं काढून घेतलंस. मला ते माहीत आहे, कारण मी ते चित्र पाहिलंय. तुझ्या हातून त्याच्याहून चांगलं काही उतरलं नाही.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, "तू उठली का नाहीस?"

"उठून काय करणार होते?"

"तिनं हाक मारली, कुंदा."

"ऐकली मी. तू उठलीस ना? काय झालं?"

"निदान मी..."

"तुला खुर्ची मिळाली," तू म्हणालीस.

रिक्षावाला आरशातून आपल्याकडं बघत होता. खांदा कॉलनी आली. उतरताना तू माझ्या हाताला धरलंस आणि म्हणालीस, "मी उठले असते तर एक बाई पोलिसांनी बाजूला केली असती. मी बसले म्हणून ते राहिलं." मी हात सोडवून घेतला. चांगलं चित्र राहिलं ते खरं. ज्यांचं राहिलं नाही त्यांना त्याचा काय उपयोग, ते तू सांगितलं नाहीस.

तिसऱ्या भागात तू येलीला मारलंस.

मरणार हे ठरलं होतं. उपसे तिरईंच्या मोठ्या झाडाशी पोचणार आणि येली सगळ्यांना पलीकडं काढून देताना मरणार. मी तिच्यासाठी दोन समोरासमोरची अख्खी पानं राखून ठेवली होती. पाऊस, वीज, उपशाच्या दातांवर उभी असलेली येली, आणि एकही शब्द नाही. तुझ्याकडून शिकले होते ना.

तू ती दोन पानं नदी ओलांडणाऱ्या माणसांना दिलीस. येलीला पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट मिळाली, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यात ती कुणा पोराच्या पाळण्याची दोरी बांधतेय. मागं उपसा आहे. पुढच्या चौकटीत नुसती दोरी.

मी ओरडले. कशासाठी हे, विचारलं. इतकी माणसं तिच्यावर जीव टाकतात, त्यांना निदान तिला नीट निरोप तरी देऊ दे.

"मोठं चित्र दिलं की लोक टाळ्या वाजवतात," तू म्हणालीस. "मरण छान झालं म्हणतात. आणि पुस्तक मिटतात."

त्या चौकटीत येलीचं तोंड बोटाच्या नखाएवढं होतं. तरी मी ओळखलं. कोसळत्या भिंतीला पाठ करून तुझ्याकडं बघणारी सोमी होती ती.

पुस्तक छापून आलं तेव्हा तू म्हणालीस, "तिला आधी दाखवायचं. तोंड तिचं आहे." मी नको म्हटलं. तू एकटी निघालीस म्हणून मी आले. सोमीचं कुटुंब तेव्हा महामार्गाच्या पुलाजवळ ताडपत्रीखाली होतं. ती खूश झाली तुला बघून. काही विसरली नव्हती, पण खूश झाली. पान पान उलटत गेली. "ही मी. ही मी." मग त्या कोपऱ्याशी थांबली. पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं, मागं आली.

"मी कुठं गेली?"

"मेलीस," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडं पाहिलं. तू तिच्याकडं पाहत होतीस, डोळे न हलवता.

"परत कवा उठते?"

"नाही उठत."

सोमीला वाटलं, तू चेष्टा करतेस. मग तिला कळलं. तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तू काढते ना ह्ये? तुझ्या हातात हाय ना? मंग उठव."

"माझ्या हातात आहे म्हणूनच नाही उठवत."

"आमची घरा तुझ्या हातात नव्हती, मी समजली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ह्ये तं हाय. ह्याला काय लागते? दोन रेघा."

"नाही, सोमी."

ट्रक जात होते, ताडपत्री दर वेळी फडफडत होती. सोमीनं पुस्तक तुझ्या हातात परत दिलं. तू घेतलंस. एक शब्द तरी गोड बोलायचा होतास. पुलाखालून चालत येताना मी तेच म्हणाले.

"तिला उठवली तर तिला बरं वाटेल," तू म्हणालीस. "मग तुला बरं वाटेल. मग आपल्या कॉलनीतल्या सगळ्यांना बरं वाटेल. वाडी पडली, पण येली उठली. सगळी निवांत झोपतील. मी त्यांना झोपवायला चित्र काढत नाय."

"सगळ्यांचं जाऊ दे. एकीला बरं वाटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

इतर वेळी तुझं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत यायचं. त्या दिवशी तू रस्त्याच्या कडेनं पुढं पुढं चालत राहिलीस. हा वाद तिथंच राहिला. मी तो अजून रोज घालते, भाजी चिरताना, ऑफिसला निघताना. कधी तू जिंकतेस. चौकट लहान होती तेच बरोबर होतं, हे मी तुझ्यासमोर कबूल करायला हवं होतं, पण मग तू सोमीच्या बाबतीतही बरोबर ठरली असतीस, आणि ते मला मान्य नाही. आजही नाही.

मग पोटाचं दुखणं निघालं. तू डॉक्टरांना विचारलंस, "दुखेल का?" डॉक्टर म्हणाले, औषधं आहेत. तू म्हणालीस, "म्हणजे दुखेल." चौथा भाग, शेवटचा, तू अंथरुणावर लाकडी पाट मांडीवर घेऊन काढायला लागलीस. उपसे रानाच्या मधोमध पोचले होते. तुझं अंग सुकत गेलं आणि उपसे जास्त जास्त देखणे होत गेले. एकेक पातं, एकेक साखळी. मी म्हटलं, माणसं काढ, माणसं राहिलीत. तू म्हणालीस, "माणसांना हात थरथरून चालत नाय."

एका दुपारी सोमी आली. कुणी सांगितलं तिला कोण जाणे. फडक्यात बांधलेल्या चिंबोऱ्या घेऊन आली होती. "रस्सा करून घाल हिला, ताई," मला म्हणाली. तुला पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. ती तुझ्या पायाशी खाली बसली, तुझ्याकडं बघत. मला वाटलं, आता काहीतरी मिटेल. माझ्या मनानं एक बारकी गोड चौकट आखूनही ठेवली होती.

"कुंदाबाय, आता तरी उठव तिला," सोमी म्हणाली.

तुझे डोळे मिटलेले होते. तू ऐकलं नाहीस असं वाटून मी तिला खूण केली. पण तू ऐकलं होतंस.

"नाय," तू म्हणालीस.

सोमी आणखी थोडा वेळ बसली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, चिंबोऱ्यांचं फडकं उचललं आणि घेऊन गेली. दार तिनं हळू लावलं. तू डोळे न उघडता हसलीस. "घेऊन गेली?" मला विचारलंस. मी हो म्हटलं. "बरोबर केलं," तू म्हणालीस. मी त्या क्षणी तुझा इतका द्वेष केला, कुंदा, की खिडकीशी जाऊन उभी राहिले. आणि तू मागून म्हणालीस, "अनघा, मला कूस बदलून दे." मी आले आणि तुला कूस बदलून दिली.

तुझा शेवट वाईट झाला. शोकसभेत कुणीतरी 'शांतपणे मालवली' म्हणालं. ते तिथं नव्हते. तू ओरडत होतीस. औषधं पुरत नव्हती. तू मला घाणेरड्या शिव्या दिल्यास, तुझ्या आईच्या भाषेत, मला अर्धं कळलं नाही. मधे एकदा शुद्धीत येऊन म्हणालीस, "लय वेळ लावतंय." पुढं बरेच दिवस लागले. येलीला तू जी मेहरबानी दाखवलीस ती तुझ्या वाट्याला आली नाही.

प्रकाशकांनी चौथा भाग पुरा करायला दुसरी चित्रकार शोधली. चांगली आहे, तुझ्या रेषेला धरून चालते. त्यांचं म्हणणं, शेवटी येली परत यावी. वाचकांची फार इच्छा आहे. आता अडवायला तू नाहीस, लिहिणारी मी आहे. मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. आधी सोमीकडं गेले.

ती बाजारात आपल्या जागेवर होती. तू गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं, "येलीला आता उठवता येईल. मी लिहीन तसं होईल. उठवू?"

तिनं टोपलीवरचं ओलं फडकं नीट केलं.

"नको," म्हणाली.

"तुलाच तर हवं होतं."

"तिच्या हातनं पायजे होतं. तू उठवून काय? तू चांगलीच हाय." हे 'चांगली' तिनं अशा आवाजात म्हटलं की मी खाली बघितलं. मग ती म्हणाली, "तिला घाल त्यात."

"कुणाला?"

"कुंदाबायला. आमच्यात घाल. रानात. दगडावर बसव. ती मशीन येते, आमी सगळी हाका मारतो, उठ म्हणतो. ती नाय उठत." सोमीनं फडकं पुन्हा टोपलीवर दाबलं. "आन मार तिला."

एक बाई भाव विचारायला आली, सोमीनं तिला सांगितला, बाई पुढं गेली. मी अजून तिथंच होते. "लिहशील?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

मी ते लिहिलं, कुंदा. तुझे खांदे, तुझी मान वाकडी करून बघायची सवय, सगळं त्या चित्रकाराला सांगितलं. हातात वही दिली नाही, कोळशाचा तुकडा आणि झाडाची साल दिली. तिरई हाका मारतायत. उपसा येतोय, त्याला तुझ्याबद्दल काही वाटत नाही. तू सालीवर रेघ ओढतेस. मी एक शब्द घातला नाही. लिहिताना मला वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. वाटलं नाही. आपण दोघी टेबलाशी बसलोय आणि तू म्हणतेयस, चांगलं जमलंय, पुढं चल, असं वाटत होतं. मला त्याची लाज वाटत नाही.

कच्चं पान आलं तेव्हा ते सोमीला दाखवायला नेलं. तिनं हात पुसले आणि पान दोन्ही हातांत धरलं. खूप वेळ बघत होती. चुकून माझ्याकडं बघितलंही नाही.

"नाय उठली ना?"

"नाही उठली."

"दुखलं तिला?"

"नाही. लगेच गेली."

सोमीनं मान हलवली. "बरं केलं. तिकडं लय हाल झालं तिचं. मी आली होती एकदा, जिन्यात ऐकलं. वर नाय आली."

तिनं पान माझ्याकडं दिलं. पाहिजे तर ठेव, मी म्हटलं. "कुठं ठेवू," म्हणाली. भिंत अजून व्हायचीय तिची.

प्रकाशकांना ते पान आवडलं. त्याखाली तुझं नाव आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापू, म्हणाले. मी नको म्हटलं. वाचणाऱ्यांना ती तिरईंतली कुणी एक बाई वाटेल, सगळ्यांनी हाका मारल्या तरी जागेवरून न उठलेली. तिला हाक कुणी मारली होती, ते सोमीला ठाऊक आहे, आणि मला.